पर्यटन धोरणांची तुलना करायची आहे? मग सही शोधा

राज्यांच्या पर्यटन धोरणांवर प्रबंध करायला घेतलेल्यांना माझं पहिलं सांगणं: धोरणाची पुस्तिका नीट वाचा आणि बाजूला ठेवा. महाराष्ट्राचं 2016 चं घ्या, 2024 चं घ्या, नाहीतर गोव्याचं 2020 चं. रोजगार, शाश्वत विकास, स्थानिकांचा सहभाग सगळीकडे आहे. फरक कळतो तो कागद जिल्ह्यात उतरल्यावर. म्हणून एकच छोटी गोष्ट धरा आणि प्रत्येक राज्यात तिचा माग शेवटच्या सहीपर्यंत, म्हणजे ती ज्याच्या सहीने प्रत्यक्षात ठरते त्याच्यापर्यंत, काढा.

मी किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे वाळूवरची तात्पुरती खाण्यापिण्याची ठिकाणं, धरले. किनारा नियमनाचे केंद्राचे नियम महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे तेच, पण सीमेवरची तेरेखोलची खाडी ओलांडली की कारभार बदलतो. गोव्यात पर्यटन खातं सोडत काढून शॅक देतं आणि पावसाळ्याआधी ते उतरवावे लागतात. तिथे हे इतकं रुळलंय की शॅकवाल्यांची संघटना सरकारशी भांडायला उभी असते. महाराष्ट्रात शॅकचं धोरण आलं 2020 मध्ये, तेही सुरुवातीला आठच किनाऱ्यांसाठी. त्यात सिंधुदुर्गातले कुणकेश्वर आणि तारकर्ली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता 1997 मध्ये! मधली ही वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मला अजूनही सोडत नाही.

आता पैशाचं. सगळ्या राज्यांच्या अर्थसंकल्पात पर्यटनाचं महसुली लेखाशीर्ष (खर्चाच्या नोंदीचा ठरलेला क्रमांक) 3452 आणि भांडवली 5452. तुलनेला याहून सोयीचं काही नाही. पण तरतुदीचा आकडा उचलून तक्ता करू नका. तरतूद, त्यातून खात्याला प्रत्यक्ष सोडलेला निधी म्हणजे वितरण, आणि खर्च असे तिन्ही आकडे घ्या. महाराष्ट्राचं वितरण ‘बीम्स’ या सरकारच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर दिसतं. शिवाय किनाऱ्याकडे जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकामाच्या खात्यात, गावची यात्रास्थळं ग्रामविकासाकडे, काही कामं जिल्हा वार्षिक योजनेतून. नुसतं 3452 पाहून ‘अमुक राज्य पर्यटनावर खर्चच करत नाही’ असं लिहिणारे प्रबंध मी वाचलेत, आणि वाईट वाटतं.

केरळला सही पंचायतीच्या आसपास सापडते. 2007-08 च्या सुमारास कुमारकोमला जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा हॉटेलांनी भाजीपाला कुटुंबश्रीच्या, म्हणजे केरळच्या महिला बचत गटांच्या, बायकांकडून घ्यावा म्हणून पंचायतीने मध्यस्थी केली आणि दर ठरवायला समिती बसली. आपल्याकडे इतकं तपशिलात कुणी शिरत नाही, हे माझं ठाम मत.

गावात गेलात की मुलाखतीआधी फाइल मागा. मालवणजवळ न्याहारी निवास चालवणाऱ्या एका वहिनींनी पडवीत प्लास्टिकची पिशवी उघडली: घराचा नमुना आठ (ग्रामपंचायतीतला घराच्या नोंदीचा उतारा), ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, शेवटी एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं, प्रमाणपत्र. मी प्रत्येकावरची तारीख वहीत उतरवली. कुठल्या टेबलावर किती महिने गेले, ते त्या तारखांनी सांगितलं. अधिकाऱ्यांच्या मुलाखतींत त्यातलं काहीच आलं नव्हतं.

माहिती अधिकाराचे अर्ज विषय पक्का होताच टाका, कारण तीस दिवसांची मुदत असली तरी पुढे अपील लागू शकतं. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, त्यामुळे केरळला इंग्रजीत पाठवा. उत्तराला जोडलेल्या नस्त्या, म्हणजे सरकारी फाइली, मात्र मल्याळममध्ये येऊ शकतात. वाचून देणारं कुणीतरी आधीच शोधून ठेवा.