मासिक लावताय? आधी पिनकोड लिहा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३४ वर्षं पोस्टमन होतो. पत्रं आटली, मनीऑर्डरी आटल्या, शेवटी थैलीत राहिली ती बँकेची पाकिटं, नोटिसा आणि मासिकं. त्यात लोक वाट बघायचे ती फक्त मासिकांची. कोण दारातच रॅपर फाडतं आणि कुणाकडे गेल्या महिन्याचा अंक न फोडता टीव्हीखाली पडलाय, हे पोस्टमनला न विचारता दिसतं. आता भाचे-पुतणे विचारतात, "मामा, एखादं मराठी मासिक लावायचंय, कसं लावू?" त्यांना सांगतो तेच इथं लिहितोय.

न वाचता लावू नका. आणि दिवाळी अंक बघून तर मुळीच लावू नका. दिवाळी अंक म्हणजे लग्नातली पंगत, त्यावरून घरची आमटी कळत नाही. वाचनालयात जाऊन जूनचा, फेब्रुवारीचा असा आडमहिन्याचा अंक मागा. संपादकीयाआधी वाचकांची पत्रं वाचा. नुसतं "अंक आवडला" असेल तर पान उलटा. पण कुणी सोलापूरहून लेखकाची चूक काढलीय आणि संपादकानं ती छापलीय, असं दिसलं तर ते मासिक जिवंत आहे.

मग अनुक्रमणिकेच्या पानावर बारीक अक्षरात "वर्ष अमुक, अंक अमुक" असतं, ते बघा. वर्षाच्या आकड्यावरून मासिक किती पावसाळे टिकलंय ते कळतं. आणि मागच्या वर्षभरात "मार्च-एप्रिल-मे" असे जोडअंक किती निघाले तेही मोजा. एखादा चालतो, दिवाळीच्या आधी-मागे तर सगळेच काढतात. पण तीन-चार निघाले असतील तर तिथं पैशाची किंवा माणसांची ओढाताण चालू आहे असं समजा. तरी लावावंसं वाटलं तर एकाच वर्षाची वर्गणी भरा.

कोणतं लावायचं हे घरात कोण वाचणार त्यावर ठरतं. पोरं असतील तर बालभारतीचं 'किशोर', १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघतंय. त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर फुकट ठेवलेत, तेव्हा आधी चाखून बघायची सोय आहे. राजकारण-समाजकारणाची आवड असेल तर पुण्याचं 'साधना'. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं. पण ते साप्ताहिक आहे, दर आठवड्याला दारात येतं, आणि दोन आठवडे मागं पडलात की ढीग लागतो. नुसती पुस्तकांचीच ओढ असेल तर 'ललित', बायकांच्या प्रश्नांवर सरळ बोलणारं हवं तर विद्या बाळांनी १९८९ मध्ये काढलेलं 'मिळून साऱ्याजणी', आणि लहान मूल वाढवताना डोकं चालेनासं झालं तर 'पालकनीती'. सगळी एकदम लावू नका. माझ्या बीटमधल्या एका डॉक्टरांकडे सहा यायची. त्यांचा कंपाउंडर ती रद्दीत घालायचा, तशीच, रॅपरसकट.

रॅपरवरून आठवलं. मासिकाचं रॅपर दोन्ही टोकांना उघडं असायचं, सवलतीच्या दरात आत कुणी चिठ्ठी तर पाठवत नाही ना, हे बघता यावं म्हणून. त्या उघड्या टोकातून जेवणाच्या सुट्टीत 'किशोर' अलगद ओढून वाचायचा आणि पुन्हा सरकवून द्यायचा, हे पाप मी केलंय. अंक वेळेवर आणि बिनसुरकुतीचा पोचवला, एवढंच माझ्या बाजूनं. ज्याच्या नावानं यायचा तो आता दाढीमिशीवाला झालाय. हे वाचत असशील तर माफ कर बाबा.

आता खरं काम, पत्ता. वर्गणीचा फॉर्म भरताना लोक नावापुढं पदवी लिहितात आणि पिनकोडाची जागा मोकळी सोडतात. तसं करू नका. पिनकोड बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतात कविता करणारे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो चालू झाला. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, आपल्याकडे ४. पहिले तीन मिळून थैली कुठं फोडायची ते सांगतात, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तर अंक शेजारच्या गावी जाईल, पण तिसरा चुकला तर जिल्हाच बदलेल.

माझी वाईची मावशी, शाळेतून निवृत्त झालेली. तिनं एक मासिक लावलं आणि तीन महिने अंकच नाही. फोनवर मलाच ओरडली, "अरे, तुम्ही पोस्टातली माणसं वाचत बसता काय रे माझा अंक?" मी मनातल्या मनात चरकलो. जाऊन बघतो तर चौथ्या महिन्याचा अंक नुकताच आलेला, रॅपरवर तीन शिक्के आणि कुणीतरी पेनानं पिनकोड खोडून वर नवा लिहिलेला. झालं असं होतं की फॉर्म भरला नातीनं. जिल्हा सातारा म्हणून तिनं ठोकून दिलं ४१५००१. पण वाई सातारा जिल्ह्यात असली तरी तिचा पिनकोड ४१२८०३, सुरुवात पुण्याकडच्या ४१२ नं. अंक आपला आधी साताऱ्याला जाऊन हवा खाऊन येत होता. बाकीच्या तीन अंकांचं काय झालं, देव जाणे. मावशीला म्हटलं, "तुझी चूक." ती म्हणाली, "मग त्यांनी दुरुस्त करून घ्यावं की!" आणि चहा टाकला.

म्हणून घराचा नंबर, गल्ली, जवळची ठळक खूण, गाव, तालुका, पिन, एवढं लिहा. मोबाइल नंबर टाका. "मारुतीच्या मागे" चालेल, पण मारुती कोणता ते लिहा. एका गावात तीन असतात. पत्त्याच्या ओळी तीनच ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी लेबल छोटं असतं आणि चौथी ओळ कापली जाते. ती नेमकी पिनकोडाची असते.

पैसे भरताना हल्ली क्यूआर कोड असतो. पूर्वी मनीऑर्डरीच्या कुपनावर नाव-पत्ता, "जानेवारीपासून अंक पाठवावा" असं सगळं मावायचं. आता पैसे टुणकन जातात आणि तिकडे नुसतं दिसतं की कुणीतरी भरले. तेव्हा पैसे भरले की पावतीचा फोटो आणि पूर्ण पत्ता त्यांच्या नंबरावर पाठवा, आणि कोणत्या अंकापासून हवंय तेही लिहा. उत्तरात वर्गणीदार क्रमांक मागून घ्या. तो भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा, शिवाय वर्गणी कोणत्या महिन्यात संपते त्या पानावर खूण करा.

अंक आला नाही तर तक्रार लगेच करू नका, पण महिना उलटूही देऊ नका. मासिकाची टपालात टाकायची तारीख ठरलेली असते, अंकावर छापलेली सापडेल. त्यानंतर बारा-पंधरा दिवस थांबा, मग कळवा. संपादकाला चार शब्द ऐकवण्यात अर्थ नाही, वर्गणी बघणारा माणूस वेगळा असतो. नम्रपणे लिहिलं तर बहुतेक जण दुसरा अंक पाठवतात. सहा महिन्यांनी सगळे एकदम मागाल तर शिल्लक कुठून असणार?

आजीव वर्गणीचा मोह मात्र आवरा. आजीव म्हणजे कुणाचा जीव, हे आधी विचारा. 'सत्यकथा'सारखं मासिकसुद्धा १९८२ ला बंद पडलं, तिथं बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. मदत म्हणूनच द्यायची असेल तर बेलाशक द्या, पण देणगी समजून.

दिवाळी अंकांचं गणित निराळं. 'मनोरंजन'नं १९०९ ला पहिला काढला, तेव्हापासून आपल्याला हे वेड आहे. एकट्यानं दहा घेणं परवडत नाही, आणि वाचूनही होत नाहीत. आमच्या गल्लीत पाच घरं मिळून प्रत्येकी दोन घेतो, एकही दुबार नाही. आठवड्याला अदलाबदल, रविवारी सकाळी. पहिल्या पानावर पेन्सिलीनं घरांची नावं, वाचून झालं की बरोबरची खूण. विनोदी अंक सगळ्यात शेवटी फिरवायचा, कारण तो ज्याच्याकडे जातो त्याच्याकडेच अडकतो. 'आवाज'ची खिडकी-चित्रं तर कुणी ना कुणी कात्री लावून ठेवलेलीच असतात. फेब्रुवारीत सगळे अंक शाळेच्या वाचनालयात. तिथल्या शिपायाला आधी फोन करा, नाहीतर गठ्ठा व्हरांड्यात राहतो आणि शेळ्या खातात.