लिबएनबीडीची स्ट्रिक्ट तपासणी सैल करण्याआधी

टेस्ट साधी होती. डिस्कच्या शेवटापलीकडचं वाचायला मागायचं आणि आपला एनबीडी सर्व्हर (म्हणजे नेटवर्कवरून डिस्क पुरवणारा) एरर देतो का ते बघायचं. एरर आली, टेस्ट पास झाली, मी चहाला गेलो. दोन आठवड्यांनी कळलं की ती मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नव्हती. लिबएनबीडी या क्लायंट बाजूच्या लायब्ररीने ती क्लायंटमध्येच अडवली होती आणि एररही तिनेच दिली होती. सर्व्हरमधली हद्दीची तपासणी तर लिहायचीच राहिली होती. चुकीच्या मागण्या पाठवण्याआधीच अडवणाऱ्या या तपासणीला स्ट्रिक्ट मोड म्हणतात. त्यानंतर त्याला हात लावायच्या आधी मी काही गोष्टी ठरवून करतो, त्या इथे मांडतो.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, तपासणी सैल करायची कशाला? सर्व्हरची परीक्षा घ्यायची असेल तर बेलाशक करा. पण बॅकअप किंवा कॉपीचं टूल लिहिताना ‘अलाइनमेंटची (मागणी सर्व्हरच्या ब्लॉकच्या पटीत नसल्याची) एरर फार येते’ म्हणून तपासणी काढायला निघाला असाल तर थांबा. गेट ब्लॉक साइझ हा कॉल सर्व्हरला मागणी किमान किती बाइटच्या पटीत लागते ते सांगतो. मागण्या त्या मापात बसवा. सर्व्हर एनबीडीकिटवर (प्लगइन आणि फिल्टर जोडून एनबीडी सर्व्हर उभा करायचं टूल) चालत असेल तर त्याचा ब्लॉकसाइझ फिल्टर हे काम परस्पर करतो. तपासणी बंद केल्याने मागणी सरळ होत नाही, नकार फक्त तारेच्या पलीकडून येतो.

मग आवृत्ती बघा. तपासण्या निवडायचा सेट स्ट्रिक्ट मोड हा कॉल लिबएनबीडी १.६ पासून आहे. त्याच्या आकड्यातला एकेक बिट एकेका तपासणीचा, काही बिट मात्र नंतरच्या आवृत्त्यांत आले. त्यामुळे ‘मला एवढेच बिट हवेत’ म्हणून एखादा ठोकळ आकडा लिहून टाकू नका. लायब्ररी उद्या नवी तपासणी आणेल, ती आपोआप चालूही असेल, आणि तुमचा जुना आकडा ती गुपचूप बंद करेल. आधी गेट स्ट्रिक्ट मोडने सध्याची किंमत घ्या आणि तिच्यातला नको तेवढा एकच बिट पुसा. सात बिट असलेल्या आवृत्तीत किंमत १२७ येते, अलाइनचा बिट १६ चा, म्हणजे उरले १११. हे बिट-अँडने करा, वजाबाकीने नको. तोच कोड चुकून दोनदा चालला तर वजाबाकी भलताच बिट उडवते.

प्रयोगासाठी खरी डिस्क अजिबात नको. एनबीडीकिटच्या मेमरी प्लगइनने १ एमबीची, म्हणजे १०४८५७६ बाइटची डिस्क क्षणात उभी राहते. अलाइनमेंट तपासायची असेल तर तिच्यावर ब्लॉकसाइझ-पॉलिसी फिल्टर लावा, किमान ५१२ सांगा, आणि एरर पॉलिसी ‘एरर’वर ठेवायला विसरू नका. न सांगितल्यास ती ‘अलाउ’ असते. मग वाकडी मागणीही सुखरूप पार पडते आणि आपण डोकं खाजवत बसतो.

आता मुख्य गोष्ट, मागणी खरंच बाहेर पडली का याचा पुरावा. एररच्या नंबरावर विसंबू नका. हद्दीबाहेरच्या वाचनाला लायब्ररी जो इनव्हॅलिड आर्ग्युमेंट देते, तोच सर्व्हरनेही द्यावा असं प्रोटोकॉल सांगतो. १.१६ पासून हँडलवर (लायब्ररीत एका कनेक्शनसाठी असलेल्या ऑब्जेक्टवर) मोजणीचे कॉल आले आहेत, ते वापरा. एनबीडीएसएच हा लिबएनबीडीचा शेल उघडा, पाठवलेल्या बाइटचा आकडा टिपून ठेवा, ऑफसेट १ पासून ५१२ बाइट मागा आणि आकडा परत बघा. तपासणी चालू असेल तर तो जागचा हलत नाही. अलाइनचा बिट पुसून तीच मागणी पुन्हा करा, आकडा बरोबर २८ ने वाढतो. जुन्या पद्धतीच्या विनंतीचं हेडर तेवढंच असतं. क्लायंट-सर्व्हरमध्ये नवं, एक्स्टेंडेड हेडर ठरलं असेल तर ३२. हे मी टेस्टमध्येच असर्ट करून ठेवतो, म्हणजे पुन्हा चहाला जाऊन फसायला नको.

कमांड्सचा बिट (सर्व्हरला न चालणाऱ्या कमांड अडवणारा) पुसाल तेव्हा रीड-ओन्ली एक्सपोर्टवर लिहून बघा. सर्व्हरने परवानगी नाकारणं हे अर्धंच काम झालं. मागणीबरोबर आलेले ४०९६ बाइट त्याने सॉकेटमधून वाचून टाकले का? नसतील टाकले, तर तो त्याच डेटाला पुढच्या विनंतीचं हेडर समजतो. तिथे हेडरची खूण असलेला २५६०९५१३ (हेक्स) हा मॅजिक आकडा सापडत नाही आणि कनेक्शन कोसळतं. ही चूक नकाराच्या क्षणी दिसत नाही, पुढच्या मागणीला दिसते. म्हणून प्रत्येक वाईट लिखाणामागे एक साधं, बरोबर वाचन ठेवाच.

हद्दीचा बिट पुसून तपासताना डिस्कच्या शेवटाच्या एक बाइट पलीकडे जाऊन समाधान मानू नका. ऑफसेट ६४ बिटांच्या टोकाजवळ न्या. ऑफसेट आणि लांबीची बेरीज तिथे उलटून शून्याजवळ येते, आणि भोळी तुलना ‘बसतंय की’ म्हणून सोडून देते. शून्य लांबीच्या मागणीला सर्व्हरने काय करावं हे प्रोटोकॉलनेच ठरवलेलं नाही. तिथे फक्त कनेक्शन टिकतं का ते पाहा, विशिष्ट उत्तराचा हट्ट धरू नका. पेलोडचा (एका मागणीबरोबर जाणाऱ्या डेटाच्या मर्यादेचा) बिट काढला की ६४ एमबीपर्यंतचं लिखाण पाठवता येतं, पण ३२ एमबीपुढे काही सर्व्हर सरळ कनेक्शन तोडतात. फ्लॅग्जचा बिट मी सगळ्यात शेवटी काढतो. अनोळखी फ्लॅगमुळे सर्व्हरने वेगळ्याच आकाराचं उत्तर दिलं तर लायब्ररी गोंधळते, कधी ताटकळत बसते, म्हणून बाहेरून टाइमआउट हवाच. सोळा बिटांबाहेरचा फ्लॅग मात्र काहीही केलं तरी जाणार नाही, प्रोटोकॉलमध्ये त्याला जागाच नाही.

असिंक्रोनस (उत्तराची वाट न बघणारे) कॉल वापरत असाल तर कोड पुन्हा वाचायला वेळ राखून ठेवा. तपासणी चालू असताना चुकीची मागणी कॉल करताक्षणी उणे एक देते. ती काढली की कॉल निमूटपणे कुकी (मागणीचा ओळख-क्रमांक) देतो आणि एरर मागाहून, कम्प्लीशन कॉलबॅकमध्ये (कमांड संपल्यावर बोलावलं जाणारं आपलं फंक्शन) येते. तिथला एरर पॅरामीटर न बघणं किती महाग पडतं हे २०२२ मध्ये लिबएनबीडीच्याच एनबीडीकॉपी टूलमध्ये दिसलं. कमांड पूर्ण झाली म्हणजे यशस्वी झाली असं ते धरत होतं, त्यामुळे बिघडलेली इमेज काही न बोलता तयार होऊ शकत होती. त्या त्रुटीला सुरक्षात्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२२-०४८५ असा क्रमांक मिळाला.

राहिली किरकोळ मांडामांड. स्ट्रिक्ट मोड हँडलपुरता असतो, तेव्हा प्रत्येक वाईट मागणीला नवं हँडल द्या. एक कनेक्शन मेलं तर त्यावरच्या बाकीच्या मागण्याही ‘कनेक्शन नाही’ म्हणून परत येतात आणि खरा दोषी कोण ते कळत नाही. डीबग चालू ठेवा, आणि टेस्टच्या लॉगची पहिली ओळ स्ट्रिक्ट मोडच्या आकड्याची असू द्या. रात्री सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये) काही फुटलं तर सकाळी मी आधी तीच ओळ बघतो.