प्रयोग एक, ग्लास दोन

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. पेशी, विकरं (एन्झाइम), प्रकाशसंश्लेषण, श्वसन हे सगळं घरच्या ओट्यावर करून बघता येतं, आणि मुलांनी ते बघावंच असा माझा आग्रह असतो. अट एकच: प्रत्येक प्रयोगाला जोडीचा ग्लास हवा. त्यात सगळं तेच, फक्त एक गोष्ट वेगळी. पहिल्या ग्लासात काय झालं हे कुणालाही दिसतं; ते कशामुळे झालं, हे कळायला दुसरा लागतो.

सुरुवात कांद्यापासून करा. शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. चांगला जांभळट लाल कांदा घ्या, जाड पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूवर ब्लेडने नखाएवढी चौकट आखा आणि चिमट्याने पापुद्रा ओढा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरा, वरची पातळ काच तिरकी धरून हळू टेकवा. काळ्या जाड कडांची वर्तुळं दिसली तर ते हवेचे बुडबुडे. पेशी लांबट असतात आणि एकमेकींना चिकटून ओळीने बसलेल्या दिसतात. जांभळा रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतल्या, रसाचा.

आता त्याच पाकळीचा दुसरा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवा, अर्ध्या कपाला चमचाभर मीठ. पाच-दहा मिनिटांत जांभळा भाग आक्रसून पेशीच्या कडेपासून सुटतो. कड मात्र जागची हलत नाही. ती कड म्हणजे पेशीभित्तिका, आणि जांभळ्या भागाभोवती राहून त्याच्याबरोबर आत सरकलं ते पेशीपटल. आकृतीत या दोन रेघा इतक्या जवळ काढलेल्या असतात की मुलं त्या एकच समजतात. इथे त्या डोळ्यांदेखत वेगळ्या होतात. साध्या पाण्यातला पापुद्रा शेजारी असल्यामुळे हे मिठाने झालं, वेळ गेल्याने नव्हे, हेही पक्कं होतं. हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, मात्र इथे शोधू नका. कांदा मातीत वाढतो. ती पातीत असतात.

विकरांसाठी बटाटा. औषधाच्या दुकानात जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते साधारण ३ ते ६ टक्क्यांचं असतं. बाटली ताजी हवी; उघडून बरेच महिने झालेली असेल तर जोर उतरलेला असतो. डोळ्यांत उडू देऊ नका. एका ग्लासात दोन बोटं पेरॉक्साइड घ्या आणि कच्च्या बटाट्याची फोड टाका. लगेच पांढरा फेस येतो. पेटती उदबत्ती फेसाच्या अगदी जवळ न्या, तिचं टोक जास्त लाल होतं, म्हणजे बाहेर येतोय तो ऑक्सिजन.

जोडीचे ग्लास इथे दोन लागतात. एकात तेवढीच फोड, पण दहा मिनिटं उकडून पूर्ण गार केलेली. गार करणं विसरू नका, नाहीतर फरक उष्णतेचा की उकडण्याचा, असा वाद राहतो. दुसऱ्यात कच्ची फोड, पण साध्या पाण्यात. दोन्हीकडे तसा फेस येत नाही. पाण्याच्या ग्लासावरून समजतं की वायू बटाट्यात भरून ठेवलेला नव्हता, तो पेरॉक्साइड फुटून आला. उकडलेल्या फोडीवरून समजतं की फोडणारा पदार्थ उष्णतेने बिघडतो. तो म्हणजे कॅटालेज हे विकर. विकर हे प्रथिन असतं, त्याचं काम त्याच्या आकारावर अवलंबून असतं आणि उकळल्यावर तो आकार मोडतो. परीक्षेत ‘विकर मरतं’ असं लिहू नका. विकर जिवंत नसतंच मुळी.

हे पटवायला आणखी एक करा: कच्चा बटाटा किसून फडक्यातून पिळा आणि तो रस पेरॉक्साइडमध्ये टाका. पेशी फुटल्या तरी फेस येतोच. १८९७ मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुकनर यांनी असंच यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून रस काढला होता. रसात जिवंत पेशी नव्हत्या, तरी साखरेचं अल्कोहोल झालं. जिवंत पेशीशिवाय किण्वन होत नाही ही समजूत तिथे संपली, आणि १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आमच्या कोकणात पावसाळ्यात करू नये. ऊनच नसतं, पानात स्टार्च जेमतेम होतो आणि मुलं हिरमुसतात. दिवाळीनंतर करा. कुंडीतलं रोप दोन दिवस कपाटात ठेवा. मग एक पान तोडून, खाली सांगितलंय तसा त्याचा हिरवा रंग उतरवून आधी तपासा, आयोडीनने ते काळंनिळं व्हायला नको, म्हणजे त्यात जुना स्टार्च उरलेला नको. झालं तर अजून एक दिवस अंधार. ही तपासणी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा सगळा निकाल लटका पडतो.

मग एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावा आणि दुसऱ्याला तेवढीच पारदर्शक प्लास्टिकची. ही प्लास्टिकची पट्टी मला फार महत्त्वाची वाटते. काळा कागद उजेड अडवतो तशी हवाही अडवतो. स्टार्च झाला नाही तो उजेडाअभावी की कार्बन डायऑक्साइडअभावी, हे प्लास्टिकशिवाय ठरत नाही. चार-पाच तास कडक ऊन द्या. पानं मिनिटभर पाण्यात उकळा, मग स्पिरिटच्या परीक्षानळीत घालून ती नळी गरम पाण्यात उभी करा. त्याआधी गॅस बंद. स्पिरिट पटकन पेट घेतं, हे काम मोठ्यांनीच करावं. हिरवा रंग उतरला की पान कडक होतं, ते कोमट पाण्यात मऊ करून त्यावर पातळ आयोडीन घाला. काळ्या पट्टीखालची जागा पिवळट राहते, प्लास्टिकखालची काळीनिळी होते.

श्वसनाला मोड आलेली मटकी आणि पानवाल्याकडचा चुना पुरे. लिटरभर पाण्यात चमचाभर चुना ढवळून रात्रभर झाकून ठेवा, वरची निवळी अलगद ओता. हात धुऊन घ्या, चुना झोंबतो. बरणीत मटकी, मधोमध छोट्या वाटीत निवळी, झाकण घट्ट. जोडीच्या बरणीत उकडून गार केलेली मटकी. दुपारपर्यंत मोडांच्या बरणीतली निवळी दुधाळ होते, म्हणजे मोडांनी श्वसनात कार्बन डायऑक्साइड सोडला. निकाल त्याच दिवशी बघा. उद्यापर्यंत उकडलेल्या मटकीवर जिवाणू वाढतात, त्यांचंही श्वसन चालतं आणि तीही निवळी दुधाळ व्हायला लागते.

‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य दहावीच्या उत्तरपत्रिकांत अजून भेटतं. त्यावर उपाय म्हणून तिसरी मोडांची बरणी काळ्या कापडात गुंडाळा आणि पहिलीशेजारी उजेडात ठेवा. निवळी दोन्हीकडे दुधाळ होते. मग मुलांना विचारा, मटकीऐवजी हिरवीगार पानं भरली तर दोन्ही बरण्या सारख्याच दिसतील का? उत्तर आधी वहीत लिहून घ्या, त्यानंतरच पानं तोडायला बाहेर सोडा.