गरम पाण्याच्या लाइनला फिटिंग निवडताना या चुका टाळा

सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उभं राहा. "एक इंची एल्बो द्या, दहा नग." "कशात? सीपीव्हीसी का यूपीव्हीसी?" "सीपीव्हीसी." संपला व्यवहार. (एल्बो म्हणजे वळणाचा जोड; सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याला चालणारं प्लॅस्टिक, यूपीव्हीसी गार पाण्याचं.) पाणी किती तापणार, तळमजल्यावर किती दाब येणार आणि या एल्बोच्या शेजारी कुठला धातू बसणार, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. घरच्या एका बाथरूमला ते खपून जातं. लॉज, वसतिगृह किंवा रुग्णालयात मात्र गरम पाणी गच्चीवरच्या सोलर टाकीतून नाहीतर हीट पंपातून निघतं, डक्टमधून खाली जातं, परतीच्या लाइनने वर येतं आणि चोवीस तास फिरत राहतं. तिथे शंभरभर रुपयांचा एक चुकलेला जोड फॉल्स सीलिंग, गाद्या आणि दोन दिवसांचं बुकिंग घेऊन जातो.

मी ही कामं करतो आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी केलेली दुरुस्त करतो. खालच्यांतल्या काही चुका माझ्याही आहेत.

दाबाचा मोठा आकडा थंड पाण्याचा असतो

सीपीव्हीसीचं भारतीय मानक म्हणजे आयएस १५७७८. त्यातले एसडीआर ११ आणि एसडीआर १३.५ हे वर्ग नेहमीचे. (एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा लहान तितकी भिंत जाड.) कॅटलॉगमध्ये ठळक छापलेला आकडा २३ अंश सेल्सियसचा असतो: एसडीआर ११ ला सुमारे २८ किलो दाब, एसडीआर १३.५ ला साडेबावीस. (किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर, साइटवर कुणी पूर्ण म्हणत नाही.) तोच पाइप ८२ अंशांवर नेला की हे आकडे ७ आणि ५.६ वर येतात. म्हणजे चौथा हिस्सा.

आता १४ मजली वसतिगृह घ्या. मजल्याला ३ मीटर धरले तर ४२ मीटर, वर टाकीचं स्टँड. दर १० मीटरला साधारण १ किलो या हिशेबाने तळमजल्यावर नुसत्या उंचीचेच साडेचार किलो झाले. वरच्या दोन मजल्यांना धार येत नाही म्हणून कुणीतरी त्याच लाइनवर दीड किलोचा बूस्टर पंप बसवतो. झाले सहा. पाणी ६० अंशांचं असेल तर एसडीआर १३.५ हे सहज पेलतो, कारण त्या तापमानाला त्याची निम्मी ताकद शिल्लक असते. पण मे महिन्यात पोरं गावी गेलेली, वापर शून्य आणि वर दिवसभर ऊन. सोलरची टाकी ८० च्या पुढे जाते. जूनमध्ये पोरं परततात, सगळे नळ एकदम उघडतात आणि ते पाणी खाली उतरतं. ५.६ च्या पाइपवर सहा किलो, वर नळ झटकन बंद केल्याचे धक्के वेगळे. अशा इमारतीत पाइप "अचानक" फुटला म्हणतात.

यावर उपाय एकच नाही. गरम लाइन सरसकट एसडीआर ११ मध्ये घ्या, खालच्या मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, वरच्या दोन मजल्यांची बूस्टरची लाइन वेगळी ठेवा आणि टाकीच्या तोंडाशी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवा. सोलरच्या कलेक्टरपासून टाकीपर्यंतचा तुकडा मात्र धातूचाच हवा. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांची, आणि काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी उकळू शकतं. हीट पंप आणि गिझरच्या तोंडाशीही आधी वीतभर धातूचा निपल (नळीचा छोटा तुकडा), मग सीपीव्हीसी.

एक इंच सगळीकडे एक इंच नसतो

एक इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी, एक इंची यूपीव्हीसीचा ३३.४. सीपीव्हीसीची छोटी मापं तांब्याच्या नळीच्या मापावर बेतलेली आहेत, यूपीव्हीसीची लोखंडी पाइपाच्या. हे बहुतेक मिस्त्रींना ठाऊक असतं. खरा घोळ दोन इंचावर होतो, कारण तिथे सीपीव्हीसीच दोन्ही मापांत मिळतो: एक ५४ मिमी, दुसरा ६०.३. डक्टमधली मुख्य लाइन शेड्यूल ८० मध्ये (जाड भिंतीचा, लोखंडी मापाचा वर्ग) घेतली आणि टी दुसऱ्या मापाची आली की मिस्त्री खाली खोळंबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीतरी जुगाड करून बसवतो. ऑर्डरच्या कागदावर "२ इंच" लिहू नका, बाहेरचा व्यास मिमीत लिहा.

पीपीआर (पॉलिप्रॉपिलीनचा पाइप) घेणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. पीपीआरचं माप बाहेरचं असतं आणि भिंत जाड. पीएन २० या दाबवर्गातला २५ मिमी पीपीआर आतून फक्त १६.६ मिमी भरतो. २५ मिमी सीपीव्हीसी (म्हणजे तोच एक इंची) आतून २३ च्या आसपास. २५ ला २५ असं वाचून बदल केलात तर पाण्याची वाट जवळजवळ निम्मी होते. मग तक्रार येते की हीट पंप कमजोर आहे.

आटे: सगळ्यात जास्त गळती इथेच

चिकटवलेला सांधा नीट केला असेल तर सहसा त्रास देत नाही. आट्यांचा सांधा देतो.

गरम लाइनवर प्लॅस्टिकचे आटे वापरू नका. प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे पितळी व्हॉल्व्हच्या आत कसले, की पाणी तापल्यावर प्लॅस्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. पण पितळ जागा देत नाही, म्हणून ते आतल्या आत दबून बसतं. लाइन गार झाली की आकसतं, आणि दबल्यामुळे पूर्वीच्या मापाला परत येत नाही. उरलेल्या फटीतून थेंब सुरू. उलटं केलं, म्हणजे प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत पितळी निपल कसला, तर पाना जरा जास्त फिरला की बाहेरची कड उभी चिरते, आणि ती चीर कधीकधी महिन्याने दिसते. म्हणून पितळी इन्सर्टवाले अडॅप्टर घ्या. दुकानात एमएपीटी, एफएपीटी मागाल तर प्लॅस्टिकच्या आट्यांचे मिळतील. पितळी हवे असतील तर एमएबीटी, एफएबीटी म्हणा. एका अक्षराचा फरक आहे आणि बिलात तो दिसतो.

आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा (तेलकट रंग) लावणं ही जीआयच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाच्या, जमान्यातली सवय. जीआयवर ती अजूनही उत्तम चालते, मला त्यात कमीपणा वाटत नाही. सीपीव्हीसीवर मात्र नको. सुताचा जाड थर फिटिंगला आतून फाकवतो आणि तेलकट रंग प्लॅस्टिकला बारीक तडे पाडतो. टेफ्लॉन टेप लावा, हाताने घट्ट करा, मग पान्याने एक-दोन फेरे, बस. "अजून थोडं" हा मोह आवरा.

बाहेरून आलेली यंत्रं, म्हणजे पंप, लाँड्रीची मशिनं, हीट एक्स्चेंजर, यांच्यावर कधीकधी अमेरिकन एनपीटी आटे असतात. आपले बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे. अर्धा आणि पाऊण इंचात दोघांनाही इंचाला १४ आटे, त्यामुळे ते एकमेकांत बऱ्यापैकी जातात आणि आपण समजतो जमलं. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. वर टेपचे वीस वेढे घाला, दाब आला की झिरपतंच. एक इंचाला बीएसपीचे ११ आणि एनपीटीचे साडेअकरा आटे, तिथे निदान दोन फेऱ्यांत अडकतं आणि चूक कळते. अर्धा इंचाचं यंत्र बसवण्याआधी त्याची पुस्तिका वाचा.

तांबं आणि जीआय एकाच फेऱ्यात

ही चूक माझी स्वतःची. एका हॉटेलात जुनी जीआय लाइन चांगल्या स्थितीत होती, म्हणून मालकाचे पैसे वाचवायला ती ठेवली आणि नवा हीट पंप जोडला. दोन धातूंचा स्पर्श टाळायला मध्ये डायइलेक्ट्रिक युनियनही घातली. दुसऱ्या वर्षी जीआयच्या एल्बोंना सुईने टोचल्यासारखी भोकं.

झालं असं की हीट पंपाच्या आतली कॉइल तांब्याची होती. पाण्यात तांबं अगदी किंचित विरघळतं, ते पुढे जाऊन जस्ताच्या थरावर बसतं आणि तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. युनियन दोन धातूंचा स्पर्श तोडते, पाण्यातलं तांबं अडवत नाही. गार पाण्याच्या सरळ लाइनला नियम सोपा आहे: प्रवाहात आधी जीआय, नंतर तांबं. उलट कधीच नाही. पण फिरत्या लाइनला "आधी" आणि "नंतर" नसतंच, पाणी घुमून पुन्हा तिथेच येतं. म्हणून परतीची लाइन असेल आणि फेऱ्यात कुठेही तांबं असेल तर जीआय काढाच. शिवाय साधारण ६० अंशांच्या वर काही पाण्यांत जस्त लोखंडाला वाचवायचं सोडून उलटं वागू लागतं. गरम लाइनवर जीआय गंजतो तो म्हणून.

पितळाचंही एक सांगतो. बोअरचं क्लोराइडवालं पाणी गरम असेल तर स्वस्त पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं. उरतं ते लालसर, सच्छिद्र तांबं. फिटिंग वरून धडधाकट, पाना लावला की बिस्किटासारखं तुटतं. गरम लाइनसाठी डीझेडआर (जस्त सहसा न सोडणारं) पितळ मागा, महाग पडतं पण मागा.

लाइन लांबते, तिला जागा द्या

३० मीटर सीपीव्हीसी सरळ टाकलाय आणि पाणी ३५ अंशांनी तापलं, तर पाइप साधारण ६५ ते ७० मिमी वाढतो. तांबं १८ मिमी, लोखंड १२-१३. साधा पीपीआर दीडशेच्या पुढे. परतीची लाइन नसेल तिथे ही वाढ रोज सकाळी होते आणि रात्री वापर थांबून लाइन गार झाली की परत जाते. टोकाच्या एल्बोला चिकटून क्लॅम्प आवळला असेल तर तो सगळा रेटा एल्बोच्या मानेवर येतो. तडा गेलेला एल्बो बदलून पुन्हा तसाच आवळणारे मिस्त्री मी पाहिलेत, आणि तोच एल्बो तीनदा बदलणारे मालकही. लांब कॉरिडॉरला मध्ये लूप द्या, वळणापासून पहिला क्लॅम्प लांब ठेवा आणि बाकीचे क्लॅम्प पाइप सरकेल इतके सैल ठेवा.

थोडक्यात आटपण्याजोग्या तीन गोष्टी

यूपीव्हीसीचं चिकटवायचं सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही. सीपीव्हीसीचं बहुधा पिवळं किंवा नारिंगी असतं, डब्यावरचं नाव वाचा, आणि झाकण रात्रभर उघडं राहून दाटलेला डबा फेकून द्या.

फ्लँज (बोल्टने आवळायची जोडचकती) मागवताना नुसतं "चार इंची" म्हणू नका. पीएन १६ च्या फ्लँजला ८ भोकं १८० मिमीच्या वर्तुळावर, अमेरिकन मापाच्या एएनएसआय १५० च्या फ्लँजलाही ८ भोकं, पण १९०.५ वर. समोरासमोर धरल्या की जुळल्यासारख्या वाटतात. मग भोकं ग्राइंडरने लांबट करण्याचा उद्योग सुरू होतो आणि गॅस्केट तिरकं बसतं.

रुग्णालयात "पुढे लागेल" म्हणून टी टाकून प्लग मारलेली तोंडं ठेवू नका. त्या डबक्यात पाणी कोमट साचतं आणि लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जीवाणूला तेच हवं असतं. टाकी ६० अंशांवर, परतीचं पाणी ५० च्या खाली नाही, आणि न वापरलेली शाखा मुख्य लाइनपाशीच कापलेली असावी.

गळती दिसली की आधी वेळ विचारा

कुठून गळतं याआधी कधी गळतं ते वॉचमनला विचारा. पहाटे थेंब पडतात आणि पाणी सुरू झालं की थांबतात, तर धातूत कसलेले प्लॅस्टिकचे आटे तपासा. पाणी तापल्यावरच गळतं, तर प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांची कड बघा. फक्त पंप चालू-बंद होताना गळतं, तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) आपटत असेल. दोन-तीन मजल्यांवर सारख्याच जागी एल्बो चिरले, तर लांबीला जागा नाही. पितळावर पांढरट पावडरीचा पट्टा म्हणजे जस्त चाललंय. तांब्याच्या वळणानंतर लगेच आतून घासल्यासारखी भोकं पडली, तर फेऱ्याचा पंप मोठा आहे. ६० अंशांपर्यंतच्या गरम पाण्याचा तांब्यातला वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत हवा, त्याहून गरम असेल तर आणखी कमी.

नवी लाइन तपासताना पाण्यानेच दाब द्या, चालू दाबाच्या दीडपट. प्लॅस्टिकच्या लाइनवर कॉम्प्रेसर लावू नका. दाबलेल्या हवेत फिटिंग तुटलं की तुकडे गोळीसारखे उडतात.

आणि बदललेलं फिटिंग भंगारात टाकण्याआधी उभं चिरून बघा. आत सोल्युशनचा गोळा साचलाय का, पाइप सॉकेटच्या तळापर्यंत पोचला होता का, तडा आतून बाहेर आलाय का बाहेरून आत गेलाय, हे दोन मिनिटांत दिसतं. मी असे चिरलेले अर्धे तुकडे तारीख लिहून एका खोक्यात ठेवतो. नवीन मिस्त्री कामाला आला की पहिल्या दिवशी चहाबरोबर ते खोकं त्याच्यापुढे उपडं करतो.