जुन्या ब्रिटिश मोटारीच्या वायपरचे सुटे भाग कसे शोधावेत

जून तोंडावर आला की पुण्यातील जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांची वायपरसाठी शोधाशोध सुरू होते आणि पहिली धाव नाना पेठेतील स्पेअर पार्टच्या दुकानांकडे जाते. तेथे ‘मॉरिसचा वायपर द्या’ एवढेच सांगून उपयोग होत नाही. दुकानदाराला हवा असतो तो मोटरचा प्रकार, तिच्यावरील क्रमांक आणि मापे, आणि ही सगळी माहिती आपल्याच गाडीत असते. त्यामुळे शोधाला बॉनेटखालूनच सुरुवात करावी.

त्या काळातील बहुतेक ब्रिटिश गाड्यांना लुकास या ब्रिटिश कंपनीचे वायपर असत. वायपरची मोटर गिअरच्या साहाय्याने एक लवचिक दातेरी केबल पुढे-मागे ओढते, ही केबल धातूच्या नळीतून काचेखालच्या दोन व्हीलबॉक्सपर्यंत जाते आणि तेथील लहान दातेरी चाके फिरवून वायपरच्या दांड्या हलवते. मोटरच्या अंगावर तिचा प्रकार, क्रमांक आणि बहुधा निर्मितीचा महिना व वर्ष ठोकलेले असते. रॉकेलने पुसून, बॅटरीचा प्रकाश तिरका धरून ते वाचावे आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. डीआर३ए ही एका वेगाची मोटर असंख्य गाड्यांत बसवली जात असे, तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या १४डब्ल्यू मोटरमध्ये कायमचुंबक असून तिच्या अनेक गाड्यांत दोन वेग मिळतात. दोन्हींच्या केबलची कल्पना एकच असली तरी मोटरकडील टोकाचा जोड वेगळा आहे, म्हणून एकीची केबल दुसरीसाठी घेऊ नये. मोटरच्या गिअरवर दांडी किती अंशांत फिरते तो आकडा कोरलेला असतो, तोही टिपावा, कारण मोटर बाहेरून हुबेहूब असूनही गिअर वेगळ्या अंशांचा निघाला तर दांडी काचेच्या चौकटीवर आपटते.

खरेदीपूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण वायपर संथ झाला की मोटर गेली असे मानण्याची सवय फार महागात पडते. मोटरकडील जोड सोडवून केबलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवावा आणि दांड्या काढलेल्या स्थितीत ती ओढून पाहावी. लुकासच्या सूचनेनुसार ती सहा पौंड, म्हणजे सुमारे पावणेतीन किलो बलाच्या आत सरकली पाहिजे. त्याहून जड लागत असेल तर दोष वाळून चिकट झालेल्या ग्रीसचा किंवा वाकलेल्या नळीचा असतो. आमच्या १९६६ च्या स्टँडर्ड हेरल्डसाठी मी एका दुकानातून तपासणी न करता जुनी मोटर घेतली होती. ती बसवूनही वायपर तितकाच रडत चालला. शेवटी नळीतून केबल बाहेर काढली तेव्हा तिच्यावरील ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले होते. ते रॉकेलने धुऊन ताजे लिथियम ग्रीस लावल्यावर मूळ मोटर व्यवस्थित चालू लागली.

व्हीलबॉक्सच्या बाबतीतही असाच एक उपाय आहे. दांडी साधारण शंभर-सव्वाशे अंशांतच फिरत असल्याने चाकाचे तेवढेच दाते झिजतात आणि समोरच्या बाजूचे कोरे राहतात. दांडीला खुळखुळ्यासारखी ढिलाई आली असेल तर मागचे झाकण सोडवून, केबल बाजूला करून चाक अर्धा फेरा फिरवावे आणि कोऱ्या दात्यांवर केबल पुन्हा बसवावी. स्पिंडल, म्हणजे दांडी ज्यावर बसते तो आसच झिजला असेल तर मात्र भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधून मूळ नमुना देऊन बुश किंवा स्पिंडल करून घेता येतो. मोटरचे कार्बन ब्रश चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मापाप्रमाणे घासून बसवतो.

खरोखरच नवा भाग लागणार असेल, तर आधी भारतीय वारसा पाहावा. ॲम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची, स्टँडर्ड हेरल्ड ही ट्रायम्फ हेरल्डची आणि बेबी हिंदुस्तान ही मॉरिस मायनरची भावंडे होत, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेली लुकास-टीव्हीएस ही कंपनी येथेच विद्युत भाग बनवते. त्यामुळे जुन्या साठ्याचा माल मंगळवार पेठेतील बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या ऑपेरा हाउस भागात, किंवा चेन्नईच्या पुदुपेट्टईत दिसू शकतो. जुन्या बाजारात सकाळी लवकर जावे, जुना भाग कापडात गुंडाळून सोबत न्यावा आणि व्हर्निअर कॅलिपर या मोजमापाच्या साधनाने दोन्ही भाग शेजारी मोजावेत.

परदेशातून मागवताना आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्याचे लिहून कळवावे, कारण वायपर थांबण्याची बाजू व दांडीचा वाक त्यावर ठरतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्यांचे अर्थिंग पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, त्यामुळे १४डब्ल्यूसारखी कायमचुंबकाची मोटर तशा गाडीत जोडल्यास ती उलट फिरेल. ब्लेडसाठी काचेवरची लांबी आणि दांडीच्या टोकाची रुंदी कळवावी, कारण ५.२ आणि ७.२ मिलिमीटर अशा दोन्ही रुंदीच्या टोकांसाठी ब्लेड मिळतात. फक्त रबर फाटले असेल तर पूर्ण ब्लेड मागवू नये. रबराची पट्टी तेवढी बदलता येते, आणि मूळ स्टीलची चौकट आजच्या प्लॅस्टिकच्या ब्लेडपेक्षा त्या काचेवर कितीतरी शोभून दिसते.

भाग बसवल्यावर दांड्या लगेच लावू नयेत. आधी मोटर चालवून बंद करावी, म्हणजे स्पिंडल आपल्या थांबण्याच्या जागी येतील. मगच दांड्या काचेच्या खालच्या कडेला समांतर बसवाव्यात. डीआर३एमध्ये थांबण्याची जागा थोडी चुकली, तर गिअरवरील घुमटाकार झाकणाचे स्क्रू सैल करून ते किंचित फिरवावे. चाचणी काच पाण्याने भिजवूनच घ्यावी.