गावात वापरायला जुनी कार घेताय? आधी वही उघडा, मग बोनेट

दोन लाखांच्या आतली जुनी कार विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. फसगत होते ती पुढच्या दोन वर्षांच्या खर्चात. सव्वा लाखाची गाडी घेऊन वर्षभरात तिच्यावर साठ हजार घालणारे पुष्कळ असतात. तेच दीड-पावणेदोन लाखांची बरी गाडी महाग म्हणून सोडून आलेले असतात.

१. वर्षाचं रनिंग काढा

तालुक्याला आठवड्यात किती चकरा होतात, दवाखान्यासाठी नागपूर, सेवाग्राम किंवा अमरावतीला वर्षातून किती वेळा जावं लागतं, लग्नसराईत किती फिरणं होतं, हे सगळं वहीत लिहा. तालुका १५ किलोमीटरवर आणि आठवड्यात तीन चकरा धरल्या तर वर्षाचे सुमारे ४,७०० किलोमीटर झाले. नागपूरच्या सहा फेऱ्या, जाऊन-येऊन ३०० किलोमीटरप्रमाणे, आणखी १,८००. म्हणजे एकूण साडेसहा हजार. गावातल्या बहुतेक घरांचं रनिंग याच्याच आसपास असतं, सांगताना मात्र सगळे पंधरा हजार सांगतात.

आता पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. तुमच्या पंपाचा भाव वेगळा असेल तर तो टाका. १७ चा ॲव्हरेज देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३८२ लिटर, म्हणजे सुमारे ४०,००० रुपये लागतील. २० देणाऱ्या डिझेल गाडीला ३२५ लिटर, म्हणजे ३०,०००. वर्षाला दहा हजार वाचले. पण जुन्या डिझेलचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा कामाला आले, की दोन-तीन वर्षांची ही बचत एका बिलात जाते. क्लचचा सेटही पेट्रोलपेक्षा महाग. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या खाली रनिंग असेल तर पेट्रोलच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषाच्या) डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला साफ करायला गाडी बराच वेळ एका वेगाने, गरम इंजिनावर चालावी लागते. गाव ते तालुका अशा १५ किलोमीटरच्या चालीत ते होत नाही. फिल्टर चोक होतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

बोलेरो सगळ्यांनाच हवी असते. पावसाळ्यात पांदणीतून वावरापर्यंत जायचं असेल तर तिच्याइतकी कामाची दुसरी नाही. पण १३ चा ॲव्हरेज धरला तर त्याच साडेसहा हजार किलोमीटरला ४६,००० रुपयांचं डिझेल लागतं, छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त. शिवाय इन्शुरन्स. थर्ड पार्टी प्रीमियम इंजिनाच्या सीसीवर ठरतो: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, वरून जीएसटी. २,५२३ सीसीची जुनी बोलेरो सगळ्यात महाग गटात जाते, १,४९३ सीसीची पॉवर प्लस मधल्या गटात. ८०० ची अल्टो किंवा ९९८ सीसीची वॅगन-आर सगळ्यात स्वस्त गटात बसते.

सीएनजीची गाडी स्वस्तात दिसली तर आधी पंप किती लांब आहे ते बघा. गॅस भरायला ४० किलोमीटर जायचं असेल तर बचत रस्त्यातच संपली. किट आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, झालेली हवी.

२. गाडी कुठे शोधायची

सगळ्यात चांगल्या गाड्या जाहिरातीत येतच नाहीत. बदली झालेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचे लोक आणि नुकतेच निवृत्त झालेले कर्मचारी यांच्या गाड्या गावातल्या ओळखीनेच विकल्या जातात. म्हणून तालुक्याच्या गॅरेजवाल्याला आणि इन्शुरन्स एजंटला सांगून ठेवा. कोणाची गाडी कशी ठेवलेली आहे हे त्यांना पाठ असतं. दलाली द्यावी लागली तर तो आकडा आधीच ठरवून घ्या.

वेळही महत्त्वाची. जूनमध्ये बी-बियाणं, खतं आणि शाळेच्या फीमुळे घरोघरी पैशाची ओढ असते. त्या दिवसांत विकणारा लवकर खाली येतो. कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आला, की दसरा-दिवाळीच्या तोंडावर भाव चढतात.

दिल्लीहून आलेल्या गाड्या बघायलाच नव्या आणि किमतीला अर्ध्या असतात. तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लागल्यामुळे त्या इकडे येऊ लागल्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हा खर्च किमतीत मिळवल्यावर स्वस्ताई बरीच उतरते. एनओसी हातात नसेल तर गाडी बघायलाही जाऊ नका.

३. घरबसल्या नंबर तपासा

परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. मालक कितवा, इंधन कोणतं, फिटनेस आणि इन्शुरन्स कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे कळतं. ई-चलन बाकी आहे का तेही बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११-१२ ची गाडी घेत असाल तर नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर लगेच तुमच्या माथी येईल, तो खर्च किमतीतून वजा करा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही विचारा.

मालकाकडून इन्शुरन्स पॉलिसीचा फोटो मागवून घ्या. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, किती टक्के आहे ते वाचा. गाडी आठ वर्षांची, मालक एकच, पॉलिसी दरवर्षी वेळेवर आणि बोनस मात्र शून्य? मग मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असू शकतो. काय झालं होतं ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

४. पहाटे जा, गार इंजिन बघा

मालकाला सांगून ठेवा: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवलं जात आहे असं समजा.

इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण आणि बाजूची कूलंटची बाटली बघा. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, स्वच्छ हवं. तांबूस, गंजट पाणी म्हणजे वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलेलं आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या गाड्यांत हे जास्त सापडतं. बोअरचं खारं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरा थर धरतं. हिवाळ्यात काही कळत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत एसी लावून घाट चढताना काटा वर जातो. एकदा इंजिन तापलं की हेड गास्केट जातं आणि खर्च वीस हजारांच्या घरात पोचतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. गंजाचा चिखल बोटाला लागला तर ती गाडी तिथेच सोडा.

मग डीपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा. पेट्रोलचं ऑइल तपकिरी असलं तर ठीक, डिझेलचं काळं असतंच. पण ऑइल दुधासारखं किंवा कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळतंय.

आता गाडी चालू करा आणि सायलेन्सरकडे एक माणूस उभा ठेवा. सुरुवातीची थोडी वाफ चालेल, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर डिझेलमध्ये बहुधा इंजेक्टरचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो. इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभक धूर बाहेर आला तर इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारतंय. पिस्टन रिंग घासल्या आहेत आणि इंजिनकाम दूर नाही.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायरची नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचं रबर विदर्भाच्या उन्हात कडक होऊन चिरतं. चारही टायर बदलायचे तर छोट्या गाडीलाही चौदा-पंधरा हजार धरून चाला.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं वेगळं काम आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा रस्त्यांवरच्या आणि तळमजल्यांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. तशा गाड्या पॉलिश करून दूरच्या तालुक्यांत विकणं सोपं असतं. म्हणून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खालच्या टोकाला मातकट रेघ किंवा डाग असेल तर तो कोणी धुतलेला नसतो. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, डिक्कीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, पायपुसणीखालच्या फोमला कुबट वास येतो का, ते बघा. अशा गाडीचं इंजिन सुधारता येतं, वायरिंग कधीच पूर्ण सुधारत नाही.

किलोमीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. काटा ४०,००० दाखवतो आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत घासलेलं असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे. सर्व्हिसच्या पावत्या मागा.

५. डांबरीवर नाही, खडबडीतवर चालवा

विकणारा तुम्हाला हायवेवर नेईल. तुम्ही ढेकळांच्या पांदणीवर किंवा उखडलेल्या रस्त्यावर वळवा. काचा वर, गाणी बंद. पुढून खडखड आली तर लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअप गेले. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा; टकटक टकटक ऐकू आलं तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट संपला. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी पळाली नाही, तर क्लच प्लेट घसरतेय.

८०० सीसीच्या जुन्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो, मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला चेन. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर घेतल्याबरोबर बदला. जुन्या पेट्रोल गाड्यांत इथेनॉलमिश्रित इंधनामुळे रबरी नळ्या आणि गास्केट लवकर खराब होऊ शकतात. टाकीपासून इंजिनापर्यंत नळ्यांना चिरा पडल्या आहेत का ते एकदा टॉर्च घेऊन बघा.

६. भाव असा करा

सापडलेला प्रत्येक दोष वहीत रुपयांत लिहा: टायर १४,०००, बॅटरी ४,०००, क्लच ७,०००, सर्व्हिसिंग ४,०००. बेरीज २९,००० झाली तर ती वही विकणाऱ्यासमोर ठेवा. 'कमी करा ना काका' म्हणण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नव्या गाडीचा जुना भाव धरून कोणी जुनीची किंमत सांगत असेल तर त्याला हे आठवण करून द्या.

आणि ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन बरोबर न्या. तो विकणाऱ्याचा माणूस नको, एवढं बघा.

७. कागद

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, समजा एमएच-३१ ची गाडी यवतमाळच्या एमएच-२९ मध्ये आणायची, तर एनओसीची गरज आहे का ते आधी तुमच्या आरटीओत विचारून घ्या. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवस.

मूळ मालक वारलेले असतील आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी फॉर्म ३१ ने ती वारसाच्या नावावर होऊ द्या. गावात हे फार होतं आणि पुढे भावाभावांत वाद निघाला की गाडी अडकते.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन 'नंतर करू' म्हणत वर्षानुवर्षं फिरवायची रीत दोघांनाही महाग पडते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पैसे बँकेतून द्या आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. त्या वेळेआधीचं चलन विकणाऱ्याचं, नंतरचं तुमचं.

८. घरी आणल्यावर

इंजिन ऑइल (छोट्या पेट्रोल गाडीत सुमारे तीन लिटर), ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर आधीच्याने बदलले म्हटलं तरी पुन्हा बदला. रेडिएटर धुऊन कूलंट भरा. पातळ करायला लागलं तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, बोअरचं नको. ब्रेक पॅड उघडून बघा.

गाडी सोयाबीन-तुरीच्या पोत्यांशेजारी किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ लावू नका. उंदीर रात्रीतून बोनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. दुसरी जागाच नसेल तर रात्री बोनेट अर्धवट उघडं ठेवा. उजेड आणि वारा लागला की ते सहसा बसत नाहीत.