रात्रभर नुसता पडून राहिलेल्या फोनची बॅटरी सकाळपर्यंत का उतरते, आणि कारण कसं शोधायचं

झोपताना फोन ८५ टक्क्यांवर, सकाळी बघावं तर ६०, मधे कोणी हातसुद्धा लावलेला नाही, मग पंचवीस टक्के गेले कुठे? असं झालं की बहुतेक जण ब्राइटनेस कमी करतात, डार्क मोड लावतात, नाहीतर प्ले स्टोअरवरून एखादं बॅटरी सेव्हर नाहीतर क्लीनर ॲप टाकून मोकळे होतात. यातलं काहीही इथे कामाचं नाही. स्क्रीन बंदच आहे तर ती काळी असली काय आणि पांढरी असली काय, आणि ते क्लीनर ॲप स्वतःच रात्रभर जागं राहतं, वर सकाळी जाहिराती दाखवतं. दुकानात गेलं तर पहिलं उत्तर मिळतं "बॅटरी गेलीय, बदलून टाका", तेही खूप वेळा खरं नसतं, का ते पुढे येईलच.

मी इथे अँड्रॉइड फोन धरून सांगतेय. मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे असतात पण सेटिंग्ज उघडल्यावर वर सर्चचा बॉक्स असतो, त्यात शब्द टाकला की सापडतं.

नॉर्मल म्हणजे किती

स्टँडबायमध्ये फोन काही पूर्ण बंद नसतो, टॉवरच्या संपर्कात असतो, मेसेजची वाट बघत असतो, त्यामुळे थोडं जाणारच. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असते (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), म्हणजे एक टक्का म्हणजे ५० एमएएच. तासाला अर्धा टक्का जात असेल तर फोन सरासरी २५ मिलिअँपिअर ओढतोय आणि हे ठीक आहे. आठ तासांच्या झोपेत ४ टक्के झाले, ५-६ गेले तरी डोक्याला ताप करून घेऊ नका. पण तासाला २-३ टक्के जायला लागले की हिशोब १००-१५० मिलिअँपिअरवर जातो, म्हणजे आत कोणीतरी झोपतच नाहीये.

एक अपवाद आहे. फोन नवीन असेल किंवा कालच मोठा अपडेट आला असेल तर दोन-तीन दिवस काही करू नका, फोन आतल्या आत ॲप्स परत बसवत असतो, फोटो चाळत असतो, ते संपलं की आपोआप शांत होतो.

काहीही बदलायच्या आधी तीन रात्री मोजा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग महिनाभर एकेक सेटिंग बंद-चालू करत बसतात. फोन ८०-९० टक्क्यांवर असताना चार्जर काढा, अगदी १०० वर नको कारण बरेच फोन चार्जर काढल्यावरही बराच वेळ १०० दाखवत राहतात आणि आकडा फसतो. झोपताना टक्के आणि वेळ कागदावर लिहा, सकाळी उठल्याउठल्या परत लिहा, आणि हे व्हॉट्सॲप उघडायच्या आधी.

पहिली रात्र नेहमीसारखी. दुसऱ्या रात्री फ्लाइट मोड चालू, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद (गजर वाजतो, काळजी नको). तिसऱ्या रात्री फ्लाइट मोड चालू पण वायफाय तेवढं चालू. घरात आजारी माणूस असेल किंवा रात्री फोन लागणं गरजेचं असेल तर हेच रविवारी दुपारी चार-पाच तास करा, चालतं.

आता आकडे बघा. फ्लाइट मोडमध्ये २-३ टक्के आणि नेहमीच्या रात्री २० गेले, तर बॅटरी चांगली आहे, बिघाड नेटवर्क किंवा ॲप्समध्ये आहे. या दोघांतलं कोण ते तिसरी रात्र सांगते. फ्लाइट मोड अधिक वायफाय या रात्रीही फोन शांत राहिला तर सिम आणि टॉवरची भानगड, वायफाय लावल्यावर परत गळती सुरू झाली तर एखादं ॲप किंवा सिंक (मेल, फोटो वगैरे इंटरनेटवरून आपोआप जुळवत राहणं). आणि तिन्ही रात्री सारखंच भरपूर गेलं तर इंटरनेट न लागता जागं राहणारं काहीतरी, किंवा खरंच हार्डवेअर.

सिमचं प्रकरण

आपल्याकडे हे कारण सगळ्यात जास्त सापडतं, कारण आपल्या फोनमध्ये दोन सिम असतात आणि दुसरं बरेचदा नुसतं बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेलं असतं. त्या कंपनीची रेंज घरात येत नसेल, किंवा रिचार्ज न केल्यामुळे सिम कंपनीने बंदच केलं असेल, तर फोन ते सोडून देत नाही, थोड्या थोड्या वेळाने सगळे बँड (नेटवर्कचे फ्रिक्वेन्सी पट्टे) चाळून टॉवर शोधत राहतो आणि नाही मिळाला की परत. टॉवर मिळाला पण लांब असला तरी त्याच्याशी बोलायला जास्त ताकद लावावी लागतेच. कोकणात दरीतल्या वाडीत जांभ्याच्या जाड भिंतींचं घर असो की पुण्या-मुंबईत लिफ्टला चिकटलेली आतली खोली असो, फोनचे हाल सारखेच.

सेटिंग्जमध्ये बॅटरीत बॅटरी युसेज असतं, कोणी किती बॅटरी खाल्ली त्याची यादी, त्या यादीत "मोबाइल नेटवर्क" किंवा "सेल स्टँडबाय" अशी ओळ वरच्या दोन-तीनात दिसत असेल तर समजून जा. खात्री करायला सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. आकडा उणे असतो, ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११५ म्हणजे रडतखडत. फोन जिथे रात्री ठेवता तिथे उभं राहून बघा, आणि मग खिडकीत जाऊन बघा, कधी कधी फरक बघून तोंडात बोट जातं. लोखंडी कपाटावर किंवा खणात फोन ठेवायची सवय असेल तर नुसती जागा बदलून काम होतं.

जागेने भागलं नाही तर सिम सेटिंग्जमध्ये जाऊन नको असलेलं सिम रात्रीपुरतं बंद करा, काढायची गरज नाही, तिथेच बटण असतं. ओटीपी हवा असेल तेव्हा चालू केलं की मिनिटभरात येतं. दुसरं म्हणजे ५जी. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं तरी घराच्या आत ते सगळीकडे नीट येतं असं नाही, आणि जिथे ५जीची एकच कांडी येते-जाते तिथे फोन ४जी-५जी अशा उड्या मारत बसतो. प्रिफर्ड नेटवर्क टाइप ४जी किंवा एलटीई करून एक रात्र बघा. त्याच्याही खाली, ३जी-२जीवर मात्र जाऊ नका, जिओला तर ते नेटवर्कच नाही, फोन लागायचेच बंद होतील. आणि वायफाय नीट असेल तर रात्री ते चालू ठेवून मोबाइल डेटा बंद करा, उलटं नको. बरेच जण बॅटरी वाचावी म्हणून वायफाय बंद करतात आणि डेटा चालू ठेवतात, त्यात खर्च वाढतो.

ॲप जागं राहत असेल तर

२०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोनमध्ये डोझ नावाची सोय आहे, स्क्रीन बंद, चार्जर नाही, फोन हलत नाही असं काही वेळ झालं की फोन ॲप्सना गप्प बसवतो आणि अधूनमधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम काम उरकायला देतो. तेव्हा गळती होतेय म्हणजे कोणीतरी या शिस्तीतून सूट घेऊन बसलंय.

सकाळी चार्जर लावायच्या आधी बॅटरी युसेज उघडा. नुसते टक्के बघू नका, ॲपवर टॅप केलं की स्क्रीनवर किती वेळ आणि बॅकग्राउंडला किती वेळ हे वेगळं दिसतं, कामाचा आकडा तो दुसरा. माझ्या काकांच्या फोनमध्ये एक पंचांगाचं ॲप होतं, स्क्रीनवर दोन मिनिटं आणि बॅकग्राउंडला सहा तासांच्या वर! कारण बघितलं तर सूर्योदयाची वेळ काढायला त्याला लोकेशन लागत होतं आणि काकांनी परवानगी देताना "ऑल द टाइम" दाबलेलं, त्यामुळे ते रात्रभर काका सातारा सोडून कुठे गेले नाहीत ना हे तपासत बसायचं. ॲपमध्ये गाव हाताने सातारा टाकलं, लोकेशन "ओन्ली व्हाइल युजिंग"वर आणलं, तिथी-नक्षत्र सगळं जसंच्या तसं दिसतंय आणि गळती थांबली. तुमच्याकडे पंचांग नसेल तर हवामानाचं विजेट असेल, पावलं मोजणारं काहीतरी असेल, मुलांचं लोकेशन बघायचं ॲप असेल. सेटिंग्जमध्ये लोकेशन, त्यात ॲप परमिशन्स उघडा, "ऑल द टाइम"खालची यादी बघा आणि प्रत्येकाला विचारा की बाबा तुला रात्री तीन वाजता माझा पत्ता कशाला हवा.

सापडलेल्या ॲपला काय करायचं? ॲप इन्फोमध्ये बॅटरी, तिथे अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये तीन पर्याय असतात, अनरिस्ट्रिक्टेड, ऑप्टिमाइझ्ड आणि रिस्ट्रिक्टेड. शॉपिंग, गेम, बातम्या, रील्सवाले सगळे बिनधास्त रिस्ट्रिक्टेड करा. व्हॉट्सॲप, बँक, घड्याळ, ऑफिसचा मेल यांना ऑप्टिमाइझ्डवर राहू द्या, नाहीतर मेसेज उशिरा येतात. अनरिस्ट्रिक्टेडमध्ये कोण कोण बसलंय ते एकदा तपासाच, काही ॲप्स पहिल्यांदा उघडल्यावर ही सूट मागतात आणि आपण न वाचता हो म्हणतो.

दोन गोष्टी यादीत नीट दिसत नाहीत, सगळा दोष "गूगल प्ले सर्व्हिसेस"च्या नावावर जातो. एक, जुना मेल अकाउंट ज्याचा पासवर्ड बदललाय, तो परत परत लॉगिन करायला जातो आणि परत आपटतो. अकाउंट्समध्ये जाऊन कुठे सिंक एरर दिसतोय का बघा, नको असेल तर अकाउंट काढून टाका. दुसरी, व्हॉट्सॲपचा बॅकअप. तो रात्रीच होतो, आणि अँड्रॉइडवर २०२४ पासून तो गूगलच्या १५ जीबीच्या फुकट जागेत मोजला जातो, त्यामुळे फॅमिली ग्रुपच्या व्हिडिओंनी ड्राइव्ह भरलं की बॅकअप पुरा होतच नाही आणि फोन प्रयत्न करत राहतो. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा किंवा ड्राइव्हवर जागा करा.

आणि हो, रिसेंटमधून, म्हणजे नुकत्या उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून, ॲप्स वर सरकवून मारत बसू नका. लगेच परत उघडणार असलेलं ॲप मारलं तर ते पहिल्यापासून सुरू व्हायला उलट जास्त बॅटरी खातं.

किरकोळ पण बघून घ्या

हॉटस्पॉट चालू राहिलाय का? हसू नका, हे फार वेळा निघतं. लोकेशन सर्व्हिसेसमध्ये वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असतं, वायफाय बंद केलं तरी ते चालू राहतं, बंद करून टाका. ऑल्वेज ऑन डिस्प्ले (फोन लॉक असतानाही स्क्रीनवर वेळ दाखवत राहणारी सोय) तासाला अर्धा-एक टक्का सहज घेतो, त्याला रात्रीचं टाइमटेबल लावता येतं. क्रोममध्ये कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली असेल तर "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस" असले प्रकार रात्रभर स्क्रीन पेटवतात, साइट सेटिंग्जमधून त्या साइट्स उडवा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात, बॅटरी स्क्रीनवर ॲपखाली बॅकग्राउंडचा वेळ दिसतो तो बघा, बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश निवडक ॲप्सनाच ठेवा आणि मेलचं फेच (नवीन मेल किती वेळाने तपासायचं ते) थोडं लांबवा. सिमची गोष्ट तिथेही तीच.

एवढं करून काही सापडलं नाही तर

सेफ मोड लावा. पॉवरचा मेनू आणून "पॉवर ऑफ" किंवा "रिस्टार्ट"वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनवर सेफ मोड विचारतो. यात आपण टाकलेली सगळी ॲप्स बंद असतात. सेफ मोडच्या रात्री फोन शांत राहिला तर चोर आपण टाकलेल्या ॲप्समध्येच आहे, अलीकडे टाकलेल्यांपासून एकेक काढत जा. विजेट्स परत लावावी लागतील आणि स्वतः टाकलेलं गजराचं ॲप त्या रात्री वाजणार नाही एवढं लक्षात ठेवा.

सेफ मोडमध्येही गळती तशीच असेल तर शेवटची परीक्षा, फोन पूर्ण बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी चालू होताना एक-दोन टक्के जातात ते सोडून द्या, पण बंद फोन ८-१० टक्क्यांनी उतरला असेल तर बॅटरी किंवा बोर्डात गडबड आहे आणि इथे सेटिंग्जचं काम संपलं.

दुकानदाराचं "बॅटरी गेलीय" तपासायला साधा हिशोब पुरतो. बॅटरी म्हातारी होऊन ७० टक्केच क्षमता उरली असली तरी जिथे आधी रात्रीचे ४ टक्के जायचे तिथे आता जेमतेम ६ जातील, पंचवीस जाणार नाहीत. त्यामुळे नुसत्या जुनेपणाने रात्रीची एवढी गळती सहसा होत नाही, जुन्या बॅटरीची लक्षणं वेगळी, ३० टक्क्यांवरून फोन अचानक बंद पडणं, चार्जरला लावताच आकडा उडी मारून वर जाणं. युरोपियन युनियनने जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीला ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे असा नियम केलाय, त्यावरून दोन वर्षांच्या फोनकडून काय अपेक्षा ठेवायची याचा अंदाज येतो.

मागचं कव्हर उचललं गेलं असेल, स्क्रीन कडेने वर आली असेल किंवा फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल तर मात्र वरचं काहीही करत बसू नका. बॅटरी फुगलीय, चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, फोन बंद करून थेट सर्व्हिस सेंटर. बाकी केसेसमध्ये सर्व्हिस सेंटरला जाताना तो रात्रींच्या आकड्यांचा कागद सोबत न्या आणि फ्लाइट मोड, सेफ मोड, पूर्ण बंद या तिन्हीचे आकडे काउंटरवर आधीच दाखवा, म्हणजे "फॅक्टरी रीसेट करून बघा" म्हणून परत पाठवायच्या आधी ते निदान बॅटरी मशीनला लावून तपासतील.